एकोणिसाव्या पानावरची सही

सिनेटर ऑर्विल टॉस्ट्रुड यांची प्रकृती ठणठणीत होती. ही बातमी दर पंधरा दिवसांनी वर्तमानपत्रात छापून आणावी लागे, यावरूनच ती किती ठणठणीत होती ते कळावं.

वय वर्षं ब्याऐंशी. राज्याच्या सिनेटमध्ये चाळीस वर्षं. दहा वेळा निवडून आले आणि आता अकराव्यांदा उभे होते. उभे होते असं आपलं म्हणायचं. प्रत्यक्षात उभं राहण्यासाठी त्यांना समोर धरायला काहीतरी लागे, आणि त्याची सगळी तजवीज त्यांची मुलगी इंग्रिड करत असे. कुठल्या सभागृहाला किती पायऱ्या आहेत, कुठला कठडा हलतो, कुठल्या चर्चच्या तळघरात खुर्च्या खोल आहेत आणि त्यातून उठताना माणसाची शोभा होते, याची तिच्याकडे एक वही होती. सिनेटर ट्रॅक्टरवर बसून हसताहेत असा एक फोटो सगळ्या काउंटीत लावला होता. त्यांना वर चढवणारी दोन दणकट माणसं फोटोत नव्हती. उजव्या कानाने त्यांना बरं ऐकू येई, म्हणून इंग्रिड नेहमी उजवीकडे राही आणि समोरून येणाऱ्याचं नाव हळूच सांगे. मग सिनेटर मोठ्याने ते नाव घेत, आणि लोक म्हणत, बघा, म्हाताऱ्याची स्मरणशक्ती अजून तल्लख आहे.

इंग्रिड छप्पन्न वर्षांची होती. चौदा वर्षांपूर्वी तिने शाळेतली भूमितीची नोकरी सोडून बाबांचं ऑफिस हातात घेतलं होतं. चार वर्षांपूर्वी आई, म्हणजे एडना, गेली आणि ऑफिसबरोबर बाबाही हातात आले. लग्न राहून गेलं, घर राहून गेलं, भूमिती तर केव्हाच विसरली. ही खुर्ची गेली तर बाबा सहा महिन्यांत जातील असं ती सगळ्यांना सांगे. खुर्ची गेल्यावर आपलं काय होईल, हे मात्र तिने कोणाला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी उठून कुठे जायचं हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता, आणि तो पडू नये एवढ्यासाठी तिला ही निवडणूक जिंकायची होती.

विरोधी पक्षाचा ब्रॉक हॅनमन अडतीस वर्षांचा होता. घरं विकायचा धंदा, दात पांढरेशुभ्र, मिनियापोलिसहून येऊन सहा वर्षं झालेली. प्रत्येक जाहिरातीत तो धावत असे. शेतातून, पुलावरून, गाईंच्या मधून. कुठे धावत निघाला आहे ते कुठल्याच जाहिरातीत सांगितलं नव्हतं, पण ब्याऐंशी वर्षांच्या माणसासमोर एवढं पुरेसं होतं. मागच्या खेपेला सिनेटर तीनशे बारा मतांनी जिंकले होते. समोर कोण होतं? एक दातांचा डॉक्टर, तोही प्रचाराच्या मध्यावर काविळीने आजारी पडलेला.

तरीही इंग्रिडचा हिशेब जुळत होता. ब्रॉक एकटा असता तर ओढूनताणून जमलं असतं. पण मे महिन्यात लुसिल डोम्ब्रोस्कीने 'स्वच्छ पाणी' नावाचा पक्ष काढला. त्या पक्षात ती स्वतः होती, तिची बहीण होती आणि बहिणीचा एक कुत्रा होता, ज्याच्या गळ्यात पक्षाचा बिल्ला होता.

सिनेटरांच्या पक्षाच्या राजधानीतल्या कार्यालयात हाहाकार उडाला. लुसिलने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. काउंटीतल्या निम्म्या मतदारांना तिने लहानपणी घरापासून शाळेपर्यंत नेलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांची मुलं नेली होती. ती निवडून येईल असं कोणालाच वाटत नव्हतं, तिच्या बहिणीलासुद्धा नाही. पण ती सातआठशे मतं खाईल आणि ती सगळी सिनेटरांच्या ताटातली असतील, हे तिसरीतल्या पोरालाही कळत होतं. ब्रॉकचे मतदार बस चालवणाऱ्या बाईला मत देणारे नव्हतेच. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ ही म्हण सगळ्यांना ठाऊक असते. इथे तिसरी भांडायला येणार होती आणि लाभ दुसऱ्याचा होणार होता.

इंग्रिड रुबार्बचा केक घेऊन लुसिलकडे गेली. लिंडॉर गावात कोणाकडे काही मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत. लुसिलने केक घेतला, खुर्ची दिली आणि नळ सोडून एक ग्लास पाणी समोर ठेवलं. पाणी दिसायला स्वच्छ होतं. इंग्रिडने ग्लासला हात लावला नाही.

"तुझ्या बाबांनीपण पिलं नव्हतं," लुसिल म्हणाली. "पण त्यांनी निदान ग्लास हातात तरी धरला होता."

इंग्रिडने समितीचं सांगितलं. सिनेटरांनी या प्रश्नावर आठ वर्षांपूर्वीच समिती नेमली होती.

"हो ना. समितीने पोटसमिती नेमली. तिच्या पोटात काय गेलं देव जाणे, आमच्या पोटात तेच पाणी जातंय. वर टेकडीवर चार हजार गाई आहेत, इंग्रिड. चार हजार गाईंचं सगळं कुठे जातं असं तुला वाटतं? आणि त्या गाईंचा मालक तुझ्या बाबांच्या समितीचा अध्यक्ष."

"लुसिल, तू उभी राहिलीस तर ब्रॉक येईल."

"येऊ दे. धावतच येईल तो."

"मी थट्टा करत नाहीये. बाबा हरले तर तुझं पाणी कोण बघणार? ब्रॉक?"

"आता कोण बघतंय?" लुसिलने केकचा तुकडा कापला. तुकडा मोठा होता, आणि तो तिने स्वतःलाच वाढून घेतला. "तू लहानपणी माझ्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचीस. आठवतं? कोणी खिडकी उघडली, कोणी च्युइंगम चिकटवला, सगळं येऊन मला सांगायचीस. तेव्हापासून तुझं एकच. गाडी नीट चालली पाहिजे. कुठे चाललीय ते नंतर."

इंग्रिड उठली. दारात पोचल्यावर लुसिल म्हणाली, "त्यांना कोणी विचारलंय का गं, उभं राहायचंय का म्हणून?"

"त्यांनी उमेदवारीवर सही केलीय."

"सही काय, ऑर्विल नॅपकिनवरसुद्धा करतो."

हे मात्र खरं होतं. लिंडॉरमध्ये दर शुक्रवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये फिश फ्राय असतो. तळलेला मासा, बटाटे, कोबी, राय नावाच्या धान्याचा पाव. सगळं गाव लांब टेबलांवर बसतं, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सॉसच्या वाटीबरोबर कागद फिरत असतात. आजाऱ्याला पाठवायचं कार्ड, चर्चच्या रजईची सोडत, पुलाच्या दुरुस्तीचा अर्ज, कोणाच्या तरी लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. कागद आला की सही करायची आणि पुढे सरकवायचा. सही नाकारणं म्हणजे वाढलेलं ताट लाथाडणं. वाचणं त्याहून वाईट, कारण वाचणारा माणूस शेजाऱ्यावर संशय घेतो. सिनेटर चाळीस वर्षं निवडून आले ते भाषणांमुळे नव्हे. भाषणं कोणाला आठवतात? ते प्रत्येक कागदावर सही करत, आणि त्यांच्या सहीतला पहिला गोल बैलगाडीच्या चाकाएवढा असे, लांबून दिसे. लोकांना वाटे, हा माणूस आपला आहे.

लुसिलने उमेदवारीसाठी लागणाऱ्या सह्या अर्थातच शुक्रवारीच गोळा केल्या. चारशे हव्या होत्या. तिने चारशे एकतीस दिल्या.

पक्षाने राजधानीहून वकील पाठवला. क्लाइस्ट नावाचा. लांबट, कोरडा, हसताना फक्त चष्मा वर करणारा. दुपारी इंग्रिडच्या स्वयंपाकघरात दोघं कागद पसरून बसले. क्लाइस्टने पट्टी काढली आणि एकेक ओळ तपासायला घेतली. बाराजण नदीपलीकडचे निघाले, म्हणजे मतदारसंघाबाहेरचे. आठजणांनी दोनदा सही केली होती, दोन वेगवेगळ्या टेबलांवर, निव्वळ सौजन्य म्हणून. सहाजण तारीख विसरले होते. चौघांचं अक्षर त्यांच्या डॉक्टरलाच वाचता आलं असतं. आणि एकाने सहीच्या जागी 'लवकर बरी हो, लुसिल' असं लिहिलं होतं.

क्लाइस्टने बेरीज केली, वजाबाकी केली, परत केली.

"चारशे," तो म्हणाला. "बरोब्बर चारशे. आणखी एक हवी. एकच."

त्याने पहिल्यापासूनची पानं पुन्हा चाळली. एकोणिसाव्या पानावर, सातव्या ओळीवर त्याची पट्टी थांबली. इंग्रिड त्या ओळीवरून दोनदा गेली होती. आपल्या घरावरून आपली नजर जाते, तशी तिची गेली होती. तिथे तो चाकाएवढा गोल होता. ऑर्विल टॉस्ट्रुड. पत्ता बरोबर, तारीख बरोबर, मतदारसंघ तर प्रश्नच नव्हता.

लुसिलला उभं राहू द्यावं म्हणून सिनेटरांनी स्वतःच सही केली होती. ज्या बाईमुळे ते हरणार होते, तिची चारशेवी सही त्यांची होती.

क्लाइस्टला मात्र आनंद झाला. देव पावला, असं तो म्हणाला नाही, पण त्याने चष्मा दोनदा वर केला. मार्ग सोपा होता. इंग्रिडने शपथपत्र करायचं: वडील न वाचता सही करतात, त्यांना तो चर्चच्या सोडतीचा कागद वाटला, आपण कशावर सही करतोय हे त्यांना कळलं नव्हतं. सही रद्द, तीनशे नव्व्याण्णव, लुसिल घरी.

"आणि ब्रॉक?" इंग्रिड म्हणाली. "कशावर सही करतोय ते बाबांना कळत नाही, असं मी शपथेवर लिहून दिलं तर तो दुसऱ्या दिवशी जाहिरात काढेल."

"काढू दे. ती जाहिरात महिनाभर चालेल. लुसिल नोव्हेंबरात मतदान होईपर्यंत चालेल."

इकडे आड, तिकडे विहीर. आणि लुसिलच्या म्हणण्याप्रमाणे विहिरीतलं पाणीही जीव द्यायच्या लायकीचं राहिलं नव्हतं.

इंग्रिडला खरी धास्ती वेगळीच होती आणि ती क्लाइस्टला सांगण्यासारखी नव्हती. याच टेबलावर, एप्रिलमध्ये, तिने बाबांसमोर ईस्टरची छत्तीस कार्डं ठेवली होती. दर वर्षी ठेवते तशीच. एकेक कार्ड पुढे सरकवायचं, पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्या हातात द्यायचं, सही झाली की काढून घ्यायचं. कार्डांच्या मधोमध एक लांबट कागद होता. तो त्यांच्या उमेदवारीचा होता. बाबांनी त्यावर तो मोठा गोल काढला, नाव लिहिलं आणि पुढच्या कार्डाची वाट बघितली. साक्षीचा शिक्का बँकेतल्या डोरीनने मारला. सही समोर बसून करायची असते हे डोरीनला माहीत होतं, पण ऑर्विलची सही आपण ओळखत नाही असं इंग्रिडला तोंडावर सांगणं तिच्या संस्कारात बसत नव्हतं.

इंग्रिडने त्यांना विचारलं नव्हतं. विचारणार होती, अगदी ठरवलं होतं, पण ते नाही म्हणतील अशी भीती वाटली. दोन दिवसांनी तिने त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं: बाबा, बघा, तुम्ही उभे राहिलात. ते म्हणाले, "असं का?" आणि त्यांनी जॅमची बाटली मागितली. तो त्यांचा होकार असं तिने धरलं. माणसाला हवा असला की होकार कशातही सापडतो.

तिने शपथपत्रावर सही केली. तिने मात्र ते वाचून केली, हे नमूद करायला हवं.

सुनावणीच्या दिवशी सकाळी तिने बाबांची तयारी करून घेतली. ते ओटची लापशी खात होते.

"बाबा, लुसिलच्या कागदावर सही केलीत का तुम्ही?"

"शुक्रवारी?"

"हो, शुक्रवारी."

"मासा चांगला होता त्या दिवशी."

"तुम्हाला तो रजईच्या सोडतीचा कागद वाटला. बरोबर ना? तिथे विचारलं तर एवढंच सांगायचं. रजईची सोडत."

"रजई कोणाला लागली?"

"बाबा, तो मुद्दा नाहीये."

"एडनाला कधीच लागली नाही," ते म्हणाले आणि त्यांनी लापशी संपवली. इंग्रिडने त्यांच्या कोटाची बटणं लावली. हे काम ठीक होईल असं तिला वाटलं. इतकी वर्षं सगळी कामं अशीच झाली होती.

सुनावणी काउंटीच्या जुन्या कचेरीत होती. राजधानीहून एक अधिकारी बाई आली होती, करड्या रंगाचा सूट, समोर नावाची पाटी, शेजारी पाण्याचा जग. निम्मं गाव जमलं होतं, आणि दहाच्या वर माणसं जमली की खाणं आणायचं या रिवाजाप्रमाणे मागच्या टेबलावर तीन प्रकारच्या वड्या आणि कॉफी होती. लुसिल पहिल्या रांगेत बसली होती. बहीण शेजारी. कुत्र्याला आत सोडलं नव्हतं, त्यामुळे 'स्वच्छ पाणी' पक्षाचा एक तृतीयांश बाहेर खांबाला बांधलेला होता. ब्रॉक आला नव्हता. त्याने कॅमेरा घेऊन एक माणूस पाठवला होता.

क्लाइस्टने शपथपत्र वाचून दाखवलं. 'न वाचता सही करण्याची सवय' हे शब्द आले तेव्हा लोकांनी खाली बघितलं, कारण ती सवय सगळ्यांनाच होती. 'आकलन झाले नाही' हे शब्द आले तेव्हा कॅमेरावाल्याने कॅमेरा सिनेटरांकडे वळवला. इंग्रिडला आपल्या कानाच्या पाळ्या तापल्याचं कळलं. तिनेच लिहिलेलं वाक्य होतं. कागदावर ते बरं वाटलं होतं.

अधिकारी बाईने जगातून ग्लासात पाणी ओतलं. सगळं सभागृह तिच्याकडे बघू लागलं. कचेरीची विहीर टेकडीच्या पायथ्याशी होती, आणि दोन वर्षांपासून तिथलं पाणी कोणी पीत नव्हतं. पण जग ठेवण्याची पद्धत होती म्हणून ठेवला होता, आणि परक्या बाईला भर सभेत टोकणं बरं दिसत नाही म्हणून एकही माणूस बोलला नाही. लुसिलसुद्धा गप्प बसली. कदाचित तिला पुरावा हवा असेल.

बाईने ग्लास उचलला. सिनेटर टेबलाला धरून उभे राहिले, दोन पावलं पुढे गेले आणि त्यांनी तो ग्लास तिच्या हातातून काढून घेऊन बाजूला ठेवला.

"ते पिऊ नका," ते म्हणाले. "त्यात गाई आहेत."

अधिकारी बाईने ग्लासाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. सिनेटर आता उभेच आहेत तर त्यांनाच विचारू, असं तिने ठरवलं असावं. एकोणिसावं पान तिने त्यांच्यासमोर धरलं.

"ही सही तुमची आहे, सिनेटर?"

इंग्रिड उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "रजई."

"माझीच आहे," सिनेटर म्हणाले.

"तुम्ही कशावर सही करता आहात, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. मी वाचून केली. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा चष्मा दुसरा होता. लुसिल म्हणाली, ऑर्विल, आधी वाच आणि मग सही कर. एडना गेल्यापासून मला असं कोणी म्हटलं नव्हतं."

क्लाइस्ट उठला. असा बाका प्रसंग त्याला नवा नव्हता. त्याने अतिशय आदराने विचारलं, सिनेटर रोज कितीतरी कागदांवर न वाचता सह्या करतात, हे खरं ना?

"खरं आहे."

"मग ही सहीसुद्धा तशीच झाली असण्याची शक्यता—"

"नाही. न वाचता केलेली वेगळी." सिनेटर सावकाश बोलत होते, पण शब्दांची चूक होत नव्हती. "ती माझ्या उमेदवारीची. ईस्टरच्या कार्डांमध्ये होती ती. मला वाटलं, मी कोणालातरी सणाच्या शुभेच्छा दिल्या."

आता मात्र मागच्या रांगेत कोणीतरी वडी खाता खाता ठसकलं. बँकेतली डोरीन आपल्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागली आणि बराच वेळ शोधत राहिली. क्लाइस्टने थोड्या वेळाची सुट्टी मागितली. अधिकारी बाईने ती दिली नाही. तिने शपथपत्र पुन्हा हातात घेतलं, त्यातली ती ओळ शोधली आणि इंग्रिडकडे बघितलं.

"वडील न वाचता सही करतात, असं तुम्हीच शपथेवर लिहिलंय. मग मला विचारणं भाग आहे. ते उमेदवारीच्या कागदावर सही करत होते तेव्हा त्यांना सांगितलं होतं का? उभं राहायचंय का, असं कोणी विचारलं होतं?"

हो म्हटलं की संपलं होतं. एक शब्द. क्लाइस्ट तिच्याकडे बघून तोच शब्द डोळ्यांनी सांगत होता. इंग्रिडने बाबांकडे बघितलं. ते तिच्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती हो म्हणाली असती तर त्यांनी मान डोलावली असती आणि विसरलो असेन बुवा, म्हणून सगळ्या गावासमोर, कॅमेऱ्यासमोर, स्वतःचं डोकं चालत नसल्याचं कबूल केलं असतं. तिच्यासाठी केलं असतं. चौदा वर्षं तिने पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर त्यांनी याच कारणाने सही केली होती, हे तिला त्या क्षणी समजलं, आणि तिला स्वतःची फार लाज वाटली.

"नाही," ती म्हणाली. "विचारलं नव्हतं. ते नको म्हणतील असं मला वाटलं."

क्लाइस्टने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

अधिकारी बाईने एकोणिसाव्या पानावरची सही वैध ठरवली. चारशे. लुसिल डोम्ब्रोस्की रीतसर उमेदवार झाली. मग बाईने दोन कागद काढले. एकावर लिहिलं होतं की माझी उमेदवारी मला मान्य आहे. दुसऱ्यावर लिहिलं होतं की मी ती मागे घेतो. यातल्या एकावर सही करा, पण कृपा करून वाचून करा, असं ती म्हणाली. क्लाइस्ट इंग्रिडच्या कानाशी लागला: दुसरा माणूस उभा करायची मुदत गेल्या सोमवारी संपली आहे, त्यांनी माघार घेतली तर आपल्या पक्षाचं नाव मतपत्रिकेवर कोरं राहील, रिंगणात ब्रॉक आणि ही बसवाली, बस्स. म्हणजे ज्या तिसऱ्या उमेदवाराने पक्षाची झोप उडवली होती, ती आता दुसरी होणार होती. लुसिलच्या बहिणीच्याही ते लक्षात आलं आणि ती घाबरून लुसिलला म्हणाली, "अगं, तू निवडून आलीस तर काय करायचं?"

सिनेटर खुर्चीवर बसले. दोन्ही कागद त्यांनी समोर ओढले, चष्मा बदलला आणि वाचायला घेतले. ओळीखाली बोट ठेवून ते वाचत होते. पहिला कागद वाचला. दुसरा वाचला. पहिला पुन्हा वाचला. लोकांनी दुसरी कॉफी घेतली. बाहेर पक्षाचा तिसरा सदस्य दोनदा भुंकला. अकरा मिनिटं झाली, कोणी खाकरलं नाही, आणि चाळीस वर्षांत सिनेटरांचं एकही भाषण या गावाने इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी पहिला, मान्यतेचा कागद बाजूला सारला आणि हात पुढे केला. पेन नेहमीप्रमाणे इंग्रिडकडेच होतं.

तिने पर्समधून ते काढलं. अंगठा सवयीने टोपणावर गेला. तिने तो मागे घेतला आणि पेन होतं तसंच, बंद, त्यांच्या तळहातावर ठेवलं. सिनेटरांनी पेनाकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. टोपण घट्ट होतं. तीनदा निसटलं. इंग्रिड हात मागे बांधून उभी राहिली, आणि चौथ्या वेळेला त्यांनी ते स्वतःच काढलं.